एक शायिका, लाखो हात : रेल्वे आरक्षणाच्या भारवाटपाची चाळीस वर्षे

२२ मे २०२५ रोजी सकाळी १० वाजता भारतीय रेल्वेच्या ऑनलाइन यंत्रणेने एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे दिली. हा तोवरचा उच्चांक असल्याचे रेल्वेने जाहीर केले. त्यानंतर महिनाभरातच नव्या आरक्षण प्रणालीची घोषणा झाली. मिनिटाला ३२,००० तिकिटांची क्षमता दीड लाखांवर आणि मिनिटाला ४ लाख चौकशांची क्षमता ४० लाखांवर नेण्याचा संकल्प तीत होता.

वृत्तपत्रांनी हे आकडे ठळक छापले. पण ते वाचताना एक साधी शंका अनेकांच्या मनात आली असेल : संगणक इतके शक्तिशाली झाले, तरी सकाळी १० वाजता 'तत्काळ' तिकीट काढताना पडद्यावरचे ते चक्र फिरतच का राहते? आणखी शंभर सर्व्हर बसवले, तर प्रश्न सुटणार नाही का?

या शंकेचे उत्तर संगणकशास्त्रातील एका मूलभूत प्रश्नात आहे. एका डेटाबेसवर येणारा कामाचा भार अनेक यंत्रांत वाटायचा कसा, आणि त्यातला जो भाग वाटताच येत नाही, त्याचे करायचे काय? आपल्या देशात हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणि सर्वाधिक काळ हाताळला, तो रेल्वेने.

◆ वही आणि खिडकी

संगणकापूर्वीच्या काळात आरक्षण म्हणजे मोठ्या वह्या. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची नोंद एका ठरावीक वहीत असे आणि ती वही एका ठरावीक खिडकीमागे असे. एक वही, एक कारकून, एक लेखणी. या व्यवस्थेचा एक मोठा गुण होता. एकच शायिका दोघांना दिली जाण्याचा संभव अत्यल्प होता, कारण सत्य एकाच जागी लिहिलेले होते.

दोषही त्याच गुणातून जन्मलेला होता. ज्या गाडीला मागणी अधिक, तिच्या खिडकीसमोर पहाटेपासून रांग लागे. शेजारच्या खिडकीवर गर्दी नसली, तरी तेथील कारकून रांगेतल्या माणसाला मदत करू शकत नसे, कारण वही त्याच्याजवळ नव्हती. मनुष्यबळ होते, पण काम त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हते. आजच्या परिभाषेत सांगायचे, तर भार विषम वाटला गेलेला होता.

रांगांचे गणित तोवर चांगलेच विकसित झालेले होते. डेन्मार्कचे गणिती आग्नर एर्लांग यांनी कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना १९०९ मध्ये दूरध्वनींच्या भाराविषयीचा पायाभूत निबंध लिहिला. त्यातून वाढलेल्या शास्त्राचा एक निष्कर्ष असा, की दहा खिडक्यांसमोर दहा स्वतंत्र रांगा लावण्यापेक्षा सगळ्यांची एकच रांग करून जी खिडकी मोकळी होईल तिकडे पुढचा माणूस पाठवला, तर सरासरी प्रतीक्षा बरीच कमी होते. मात्र त्यासाठी एक अट पाळावी लागते. कोणत्याही खिडकीला कोणतेही काम करता आले पाहिजे.

◆ दिल्ली : कोणत्याही खिडकीवर कोणतीही गाडी

ही अट भारतात पूर्ण झाली ती १९८५-८६ च्या सुमारास, नवी दिल्लीत. सार्वजनिक क्षेत्रातील 'सीएमसी' या कंपनीने 'इम्प्रेस' नावाची आरक्षण प्रणाली तयार केली. या नावाच्या विस्तारातच तिचा हेतू होता : अनेक गाड्यांचे एकत्रित प्रवासी आरक्षण. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी कंपनीच्या 'व्हॅक्स' संगणकावर सगळ्या वह्या एकत्र आल्या आणि प्रत्येक खिडकीवर एक टर्मिनल बसले. १९८६ मध्येच रेल्वेने आपल्या संगणकीय कामांसाठी 'क्रिस' ही स्वतंत्र संस्था उभी केली. माधवराव शिंदे यांच्या रेल्वे खात्यातील कारकिर्दीशी संगणकीकरणाचा हा काळ जोडला जातो.

जगात असे प्रयोग आधी झालेले होते. जपानी राष्ट्रीय रेल्वेने हिताचीच्या साहाय्याने 'मार्स-१' ही आसन-आरक्षण यंत्रणा १९६० मध्येच सुरू केली होती. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमसह उभारलेली 'सेबर' ही प्रणाली १९६४ पर्यंत पूर्ण क्षमतेने चालू लागली होती. भारत उशिरा आला, पण येथील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. विमानाला बहुधा एक आरंभस्थान आणि एक गंतव्य असते. आपली लांब पल्ल्याची गाडी वाटेत पन्नास स्थानकांवर थांबते. एकच शायिका पुण्यापासून सोलापूरपर्यंत एकाला आणि सोलापूरपासून पुढे दुसऱ्याला देता येते. त्यावर निरनिराळे कोटे, सवलती, श्रेणी आणि प्रतीक्षा यादीचे नियम. एका पारंपरिक शयनयान डब्यात ७२ शायिका असतात, परंतु त्यांच्या वाटपाच्या शक्यता मोजू गेल्यास संख्या फार मोठी होते.

दिल्लीतील खिडक्यांचा भार अशा रीतीने समान झाला. मात्र तो नाहीसा झाला नव्हता. तो खिडकीकडून काढून मागच्या खोलीतल्या संगणकावर सोपवला गेला होता. पुढील चाळीस वर्षांचा इतिहास हा त्या खोलीतल्या भाराचा इतिहास आहे.

◆ पाच बेटे आणि एक सेतू

दिल्लीमागोमाग मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही संगणकीय केंद्रे उभी राहिली. पाच शहरांत पाच संगणक, प्रत्येकाकडे आपापल्या परिसरातील गाड्यांची विदा. देशाचा भार पाच ठिकाणी विभागला गेला, पण ही पाच बेटे होती. एकाच्या वहीत दुसऱ्याला डोकावता येत नव्हते. मुंबईकराला दिल्लीहून परतीचे आरक्षण हवे असेल, तर तारा पाठवणे, कोट्यातून जागा मागणे आणि उत्तराची वाट पाहणे हे सोपस्कार चालूच राहिले.

हे जोडकाम क्रिसच्या अभियंत्यांनी केले. त्यांनी रचलेली 'कॉन्सर्ट' ही प्रणाली प्रथम १९९४ मध्ये सिकंदराबादला चालू झाली आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एका जाळ्यात आली. देशातील कोणत्याही संगणकीकृत खिडकीवरून कोणत्याही गाडीचे आरक्षण मिळू लागले. प्रवाशांना ही सोय आज इतकी स्वाभाविक वाटते, की तिच्यामागचा विचार कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तो विचार समजून घेण्यासारखा आहे. पाच केंद्रे जोडण्याचे दोन मार्ग होते. पहिला, प्रत्येक केंद्रात संपूर्ण देशाच्या आरक्षणाची प्रत ठेवायची. असे केल्यास प्रवाशाचे काम जवळच्या केंद्रातच भागते, पण पाचही प्रती क्षणोक्षणी एकसारख्या ठेवाव्या लागतात. दोन केंद्रांमधली तार तुटली, की दोन्हीकडून तीच शायिका दिली जाण्याचा धोका. दुसरा मार्ग, प्रत्येक गाडीला एक 'घर' द्यायचे. त्या गाडीच्या शायिकांची अधिकृत नोंद त्या एकाच केंद्रात राहील आणि मागणी कोठूनही आली, तरी ती त्या घरी पोहोचवली जाईल.

रेल्वेने दुसरा मार्ग स्वीकारला. पुण्याच्या खिडकीवरील कारकुनाने चेन्नई केंद्राच्या ताब्यातील गाडीचे तिकीट मागितले, तर मागणी आधी मुंबईच्या संगणकाकडे, तेथून चेन्नईकडे जाते. शायिका तेथे नोंदवली जाते आणि उत्तर पुण्याला परत येते. मधल्या प्रवासात काही बिघडले, तर व्यवहार एक तर पूर्ण होतो किंवा पूर्णपणे रद्द होतो. अर्धवट राहू दिला जात नाही. ही टपाल्याची जबाबदारी 'रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर' नावाच्या मध्यस्थ सॉफ्टवेअरवर होती.

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रुअर यांनी २००० मध्ये एक अनुमान मांडले आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये ते सिद्ध केले. त्याचा आशय असा : अनेक ठिकाणी पसरलेल्या यंत्रणेत मधला दुवा तुटला असता, सर्व ठिकाणी एकच सत्य राखणे आणि प्रत्येक मागणीला उत्तर देणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. एकीचा त्याग करावा लागतो. रेल्वेने ही निवड त्या सिद्धान्तापूर्वीच केलेली होती. दुवा तुटल्यास प्रवाशाला 'थांबा' म्हणायचे, परंतु एक शायिका दोघांना द्यायची नाही. वहीचा जुना गुण संगणकाच्या युगातही जपला गेला.

◆ काय वाटता येते, काय येत नाही

३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून तिकीटविक्री सुरू झाली. आरंभी तिकीट कुरिअरने घरी येत असे. ई-तिकीट आले ते २००५ मध्ये. खिडक्यांची संख्या ही तोवर भाराची नैसर्गिक मर्यादा होती. देशात जितक्या खिडक्या, तितक्याच मागण्या एका क्षणी संगणकाकडे येऊ शकत. आता ते धरण फुटले. प्रत्येक घर, पुढे प्रत्येक खिसा, हीच एक खिडकी झाली.

येथे भाराचे दोन प्रकार वेगळे करणे अगत्याचे ठरले. गाडीचे वेळापत्रक, भाडे, किती जागा शिल्लक आहेत, या चौकशा आहेत. त्यांच्यासाठी नोंदीची प्रत पुरते. ती दहा यंत्रांत ठेवावी, शंभरांत ठेवावी, संगणकाच्या झटपट स्मृतीत ठेवावी. एखादा आकडा दोन क्षण जुना असला, तरी आभाळ कोसळत नाही. आरक्षण हा मात्र लेखन-व्यवहार आहे. त्याला मूळ वहीच लागते.

२०१४ मध्ये आलेल्या नव्या ई-तिकीट प्रणालीने याच भेदाचा आधार घेतला. वारंवार लागणारी माहिती अनेक सर्व्हरांच्या स्मृतीत पसरवून ठेवली गेली, मूळ डेटाबेसवरचा ताण हलका झाला आणि मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० पर्यंत गेली.

२०२५ च्या घोषणेतील आकडेही याच दृष्टीने वाचावेत. जुन्या क्षमतेत एका तिकिटामागे सुमारे साडेबारा चौकशा बसत होत्या. नव्या आराखड्यात एका तिकिटामागे सुमारे सत्तावीस चौकशा धरल्या आहेत. चौकशीची क्षमता दहापट वाढते, आरक्षणाची जवळपास पाचपट. जे वाटायला सोपे, ते अधिक वाढवता येते, ही या विषयातील जुनी व्यावहारिक जाण आहे.

वाटण्याचे तंत्रही या काळात परिपक्व झाले. त्यातला एक निष्कर्ष सामान्य वाचकालाही मोहवील. समजा हजार खिडक्या आहेत आणि हजार माणसे डोळे मिटून कोणत्याही खिडकीसमोर उभी राहिली. काही खिडक्या रिकाम्या राहतील आणि काहींपुढे बरीच गर्दी होईल. आता प्रत्येकाला एवढेच सांगितले, की कोणत्याही दोन खिडक्या पाहा आणि त्यांतल्या छोट्या रांगेत उभे राहा, तर सर्वांत लांब रांग नाट्यमय रीतीने आखडते. सगळ्या हजार रांगा पाहण्याची गरजच उरत नाही. योसी अझर, आंद्रेई ब्रोडर, अ‍ॅना कार्लिन आणि एली उपफाल यांनी १९९४ मध्ये हे गणिताने दाखवले आणि मायकेल मिट्झेनमाखर यांनी ते पुढे नेले. आज सर्व्हरांमध्ये मागण्या वाटणाऱ्या अनेक यंत्रणा हेच करतात : सहज दोन सर्व्हर निवडायचे आणि कमी व्यग्र असलेल्याकडे काम द्यायचे.

पण हे गणित एक गोष्ट गृहीत धरते : कोणतीही खिडकी चालेल. शेवटची शिल्लक शायिका मात्र एकच असते. दिवाळीच्या आदल्या दिवशीच्या गाडीतील त्या एका शायिकेसाठी दहा हजार जण एकाच क्षणी बटण दाबतात, तेव्हा त्या सर्वांना शेवटी एकाच नोंदीपाशी यावे लागते. यंत्रणा त्या नोंदीला क्षणभर कुलूप घालते, एकाला आत घेते, बाकीच्यांना थांबवते. समोर शंभर सर्व्हर उभे केले, तर दारापर्यंतचा रस्ता रुंद होतो, दार तेवढेच राहते. पडद्यावर फिरणाऱ्या त्या चक्राचे एक मोठे कारण हे आहे.

उलट बाजू पाहायची असेल, तर मुंबईच्या लोकलचे तिकीट पाहावे. अनारक्षित तिकिटात जागेचे वचन नसते. म्हणून दोन खिडक्यांना एकमेकींची संमती विचारावी लागत नाही आणि भार हवा तितका वाटता येतो. त्या तिकिटाची रांग यंत्रे वाढवून खरोखरच घटते. गर्दी फलाटावर आणि डब्यात होते, डेटाबेसमध्ये होत नाही.

◆ घड्याळाने केलेली वाटणी

जागेनुसार आणि प्रकारानुसार वाटणी करून झाल्यावर एक साधन उरले होते : वेळ. १९९७ मध्ये सुरू झालेल्या तत्काळ योजनेचे आरक्षण दीर्घकाळ सकाळी ८ वाजता उघडत असे, आणि आगाऊ आरक्षणाची नवी तारीखही ८ वाजताच खुली होई. दोन्ही लाटा एकाच क्षणी किनाऱ्यावर आदळत. जुलै २०१२ मध्ये तत्काळची वेळ १० वाजता नेली गेली. जून २०१५ पासून वातानुकूलित वर्गांसाठी १० आणि बिगरवातानुकूलित वर्गांसाठी ११ अशी विभागणी झाली.

यात नवा सर्व्हर नव्हता, नवे सॉफ्टवेअर नव्हते. वेळापत्रकातल्या एका ओळीने शिखराचे दोन तुकडे केले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा सर्वांत स्वस्त उपाय होता. वीजपुरवठ्यात कारखान्यांच्या सुट्ट्या निरनिराळ्या वारी ठेवतात, त्याच जातीचा हा विचार.

◆ रांगेत कोण उभे आहे?

तरीही प्रत्येक लाटेचा पहिला मिनिट उरतोच. खरा प्रश्न त्याच मिनिटात दडलेला आहे.

खिडकीसमोरची रांग डोळ्यांना दिसत असे. पहाटे ४ वाजता आलेला माणूस पुढे आणि ७ वाजता आलेला मागे, हा न्याय कठोर होता, पण सर्वांसमक्ष होता. कुणी मध्ये घुसला, तर दहा जण ओरडत. संगणकातली रांग दिसत नाही. तीत पुढे कोण, हे ठरते जाळ्याच्या वेगावर, फोनच्या ताकदीवर आणि माणसाच्या जागी कार्यक्रमाने बटण दाबले काय यावर. रेल्वेने जून २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, तत्काळ उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी निम्म्यापर्यंत प्रयत्न स्वयंचलित 'बॉट' करीत होते. अडीच कोटींहून अधिक खाती निष्क्रिय करण्यात आली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार-पडताळणी अनिवार्य झाली आणि पहिल्या अर्ध्या तासात अधिकृत दलालांना दार बंद झाले.

हेही भारवाटपच आहे. येणाऱ्या मागण्यांपैकी कोणत्या आत घ्यायच्या आणि कोणत्या उंबरठ्यावरच परतवायच्या, हा निर्णय डेटाबेसचा भार घटवतो. पण त्याचबरोबर तो माणसा-माणसांत निवडही करतो. बॉट परतवणे सर्वांना मान्य होईल. ज्याच्या आधारला जुना मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, अशा स्थलांतरित मजुराचे काय? ज्या वृद्धेला एकवेळचा संकेतांक मुदतीत टंकता येत नाही, तिचे काय? जुन्या खिडकीवर निरक्षर माणूसही रांगेच्या बळावर पुढे पोहोचू शकत होता. नव्या व्यवस्थेत त्याचे स्थान कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

◆ नव्या प्रणालीच्या उंबरठ्यावर

सध्याची आरक्षण यंत्रणा २०१० मध्ये बसवलेली असून ती आयटॅनियम सर्व्हर आणि ओपन व्हीएमएस या कार्यप्रणालीवर चालते, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. दिल्लीतील पहिल्या व्हॅक्स संगणकाची कार्यप्रणाली ही तिचीच पूर्वज. इंटेलने २०२१ मध्ये आयटॅनियमचा पुरवठा थांबवला, त्यामुळे स्थलांतर अटळच होते. नवी रचना क्लाउड तंत्रज्ञानाशी सुसंगत असेल. गर्दी वाढली की यंत्रे वाढतील, ओसरली की घटतील. चार दशकांचे नियम, कोटे आणि अपवाद एका यंत्रणेतून दुसरीत नेणे, आणि तेही एकही दिवस गाडी न थांबवता, हे काम किती जोखमीचे आहे याची कल्पना सॉफ्टवेअर क्षेत्रातील वाचकांना असेलच. ते करणाऱ्या अभियंत्यांना त्याचे श्रेय मिळाले पाहिजे.

मात्र आपण नागरिक म्हणून या आकड्यांकडून कोणती अपेक्षा ठेवावी, हेही स्पष्ट असावे. मिनिटाला दीड लाख तिकिटे देणारी यंत्रणा एकही शायिका निर्माण करीत नाही. सणाच्या गाडीत हजार जागा असतील आणि मागणारे पन्नास हजार, तर वेगवान यंत्रणा एकोणपन्नास हजार जणांना नकार अधिक लवकर कळवील. तेही उपयुक्तच आहे, कारण माणूस वेळेत दुसरी सोय पाहू शकतो. पण नकारांची संख्या घटवायची असेल, तर डबे, गाड्या आणि रूळ वाढवावे लागतात.

आणि जोवर जागा कमी, मागणारे अधिक, तोवर पहिल्या मिनिटाचे नियम कोणाला जागा मिळणार हे ठरवत राहतील. १९९९ मध्ये पाच केंद्रे जोडणाऱ्या अभियंत्यांनी एक नियम कसोशीने पाळला होता : विलंब चालेल, एक जागा दोघांना विकणे चालणार नाही. आजच्या यंत्रणेलाही अशाच एका नियमाची जोड हवी. अदृश्य रांगेत क्रम कसा लागतो, कोणाला का अडवले जाते आणि चुकून अडवल्या गेलेल्याने दाद कोठे मागायची, हे रेल्वेने सोप्या भाषेत, प्रत्येक भारतीय भाषेत, जाहीर करावे. वाढीव क्षमतेच्या आकड्यांबरोबर तेवढी एक माहिती प्रसिद्ध झाली, तर पहाटेच्या त्या जुन्या रांगेतला उघडपणा काही अंशी तरी परत येईल.